पेढीचे दप्तर आता कोठे आहे?

जुन्या पेढीवर गादीच्या उजव्या हाताला भिंतीत एक खिळा असे आणि त्याला टोकाशी वाकवलेली लोखंडी तार टांगलेली असे. टपालाने आलेले पत्र वाचून झाले, त्याचा जाब रवाना झाला, की मुनीमजी ते पत्र त्या तारेत ओवून टाकीत. पोस्टकार्ड असो, आंतरदेशीय असो, सर्वांची जागा एकच. वर्षाकाठी तार गच्च भरे. मग पत्रे उतरवून, कापडात बांधून, वर साल आणि गावाचे नाव घालून ते गाठोडे माळ्यावर जाई आणि दिवाळीच्या वहीपूजनानंतर नव्या वहीबरोबर रिकामी तारही पुन्हा खिळ्यावर चढे. या व्यवस्थेत फारशी हुशारी नव्हती. पण एक गुण मोठा होता. मुनीमजी गावाला गेले, आजारी पडले किंवा दुसऱ्या पेढीवर रुजू झाले, तरी तार भिंतीवरच राही. ती त्यांच्या खिशात नसे.

आज त्याच पेढीचा सौदा ईमेलने ठरतो. भाव, माल पाठविण्याची तारीख, माल कमी भरल्याची तक्रार, उधारीची मुदत वाढवून मागणारे विनवणीपत्र, सारे काही ईमेलनेच येते आणि ईमेलनेच जाते. हिशेबाची वही संगणकात गेली तेव्हा तिच्यासाठी सॉफ्टवेअर घेतले, माणूस ठेवला, चार्टर्ड अकाउंटंटांचा सल्ला घेतला. पत्रांच्या तारेचे मात्र काय झाले, हे बहुतेक पेढ्यांवर कोणी विचारलेच नाही. ती तार कोणाच्या तरी मोबाइलमध्ये आहे, एवढेच सर्वांना ठाऊक असते.

संगणकाच्या जाळ्यातून पहिले पत्र पाठवले ते अमेरिकन अभियंते रे टॉमलिन्सन यांनी, १९७१ साली. पत्त्यातले ‘ॲट’चे चिन्हही त्यांनीच निवडले. भारतात सामान्य नागरिकांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बाजारपेठेतल्या दुकानांच्या पाट्यांवर आणि बिलांच्या मथळ्यांवर ईमेलचे पत्ते झळकू लागले. ते बहुधा फुकट मिळालेले असत आणि बहुधा घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने उघडून दिलेले असत. तेव्हा ते कौतुकाचे वाटले. व्यवहार थोडा होता, पत्रे थोडी होती. त्याच पत्त्यावर आज कोट्यवधींचा व्यापार चालतो, ही गोष्ट मात्र हळूहळू, न कळत घडली.

समजा, एका आडत पेढीचा पत्ता असाच थोरल्या भावाच्या नावाने उघडलेला आहे. पासवर्ड त्यांनाच माहीत. पासवर्ड विसरल्यास ज्या मोबाइल क्रमांकावर संदेश यावयाचा, तो क्रमांक कधीच बंद झालेला. एके दिवशी ते अचानक जातात. दुःखाचे दिवस सरतात, धाकटा भाऊ आणि पुतण्या कारभार हाती घेतात, नवा पत्ता उघडतात, नव्या पत्त्यावर काम सुरूही होते. दोन-अडीच वर्षांनी एक जुना ग्राहक सांगतो, ‘तुमच्या भाऊंनी त्या मालाची सूट कबूल केली होती, बाकी काहीच निघत नाही.’ भाऊंनी काय कबूल केले होते, ते ज्या पत्रात आहे ते पत्र जुन्या पत्त्यावर. तो उघडू जावे, तर तेथे काहीच नाही. वैयक्तिक स्वरूपाचे आणि सलग दोन वर्षे कोणी न उघडलेले खाते पुसून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ साली जाहीर केले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून अंमलात आणले. त्यात कंपनीचा दोष नाही. ती जागा पेढीला दिलेली नव्हतीच. एका व्यक्तीला वापरावयास दिलेली होती. आपल्या पश्चात खात्यातील मजकूर कोणाला मिळावा, हे आधीच नोंदवून ठेवण्याची सोयही गूगलने २०१३ पासून दिलेली आहे. ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ असे तिचे नाव. मृत्युपत्र करणारी माणसेही ही नोंद करीत नाहीत, कारण पत्रव्यवहार ही मालमत्ता आहे असे अजून वाटतच नाही.

ती मालमत्ता आहे, आणि कधीकधी माल, गोदाम व रोकड यांहून मोलाची आहे, हे सर्वोच्च न्यायालयापुढील एका खटल्यावरून कळते. दुबईच्या ट्रायमेक्स इंटरनॅशनल या कंपनीने ऑक्टोबर २००७ मध्ये वेदांत ॲल्युमिनियम या भारतीय कंपनीला बॉक्साइट पुरविण्याचा देकार ईमेलने पाठवला. भाव, प्रत, जहाजाचे भाडे यांविषयी दोन्हीकडून पत्रांची ये-जा झाली आणि दुसऱ्याच दिवशी पाच जहाजे माल घेण्याची संमती ईमेलनेच आली. रीतसर करारनाम्याचा मसुदा तयार होत होता. त्यावर अंतिम सह्या झाल्या नव्हत्या. पुढे खरेदीदाराने माल थांबवावयास सांगितले, विक्रेत्याला जहाजाच्या मालकाशी केलेला करार मोडावा लागला आणि नुकसानीचा वाद उभा राहिला. सह्या नाहीत, म्हणजे करार नाही, असे खरेदीदाराचे म्हणणे. न्यायालयाने २०१० च्या जानेवारीत ते फेटाळले. देकार व स्वीकार ईमेलमध्ये स्पष्ट असेल, तर करार तेथेच पूर्ण झाला. पुढे औपचारिक कागद करावयाचा राहिला होता म्हणून तो अपुरा ठरत नाही, असा निर्णय देऊन न्यायालयाने लवाद नेमला.

बाजारात तोंडी शब्दाला अजून मान आहे आणि तो असावा. पण या निकालाने दोन गोष्टी एकदम सांगितल्या. घाईघाईत मोबाइलवरून लिहिलेले ‘ठीक आहे, पाठवा’ हे दोन शब्द पेढीला बांधून घेऊ शकतात. आणि समोरच्याने लिहिलेले तसेच शब्द जर जपून ठेवले नसतील, तर पेढीचा हक्क पाण्यात जाऊ शकतो.

जपणे म्हणजे काय, हेही कायद्याने सांगून ठेवले आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या सातव्या कलमात इलेक्ट्रॉनिक नोंद कशी राखावी याच्या अटी आहेत. नोंद पुढे केव्हाही पाहता आली पाहिजे. ती ज्या स्वरूपात निर्माण झाली, पाठवली गेली वा मिळाली त्याच स्वरूपात, किंवा मूळ मजकूर हुबेहूब दाखविणाऱ्या स्वरूपात असली पाहिजे. आणि ती कोठून निघाली, कोठे पोहोचली, कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी, हे तिच्यावरून कळले पाहिजे. पेढीवरील रूढ पद्धत या कसोटीवर लावून पाहावी. महत्त्वाचे ईमेल आले की त्याची छापील प्रत काढून फायलीत लावणे, किंवा पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर भावाला धाडणे, यालाच अनेक जण जतन समजतात. छापील कागदावर पत्राचा मजकूर उतरतो; पण त्या पत्राच्या माथ्यावर एरवी न दिसणाऱ्या ज्या ओळी असतात, त्या उतरत नाहीत. पत्र कोणत्या सर्व्हरवरून निघाले, वाटेत कोणकोणत्या सर्व्हरने ते किती वाजता पुढे दिले, हे त्या ओळींत असते. जुन्या टपालावरचे गावोगावचे शिक्के जसे, तशा या ओळी. फोटोत पाकीट फेकून दिलेले असते आणि चिठ्ठी तेवढी उरते.

न्यायालयात ही बाब किती बारकाईने पाहिली जाते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, हा वाद निवडणूक कार्यालयातील चित्रफितीवर येऊन ठेपला. चित्रफितीसोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे प्रमाणपत्र हवे की नको, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ जुलै २०२० रोजी, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात, तीन न्यायमूर्तींनी सांगितले की मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले नसेल, तर असे प्रमाणपत्र आवश्यक आहे. मात्र ते मिळविण्यासाठी शक्य ते सारे करूनही देणाऱ्याने दिले नाही, तर त्या पक्षाला अशक्य गोष्टीसाठी अडवता येणार नाही. निवडणुकीचा हा निकाल व्यापाऱ्याच्या ईमेललाही तितकाच लागू पडला. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम अंमलात आला आणि ६५-बची जागा कलम ६३ ने घेतली. आता प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक नोंद हजर करणाऱ्याने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात त्या फायलीचे ‘हॅश’ मूल्यही लिहावे लागते.

हॅश हा शब्द ऐकून घाबरण्याचे कारण नाही. फाईल कितीही मोठी असो, एक ठरावीक गणिती क्रिया तिच्यावरून ठरावीक लांबीची अक्षर-अंकांची ओळ काढून देते. फायलीत एक स्वल्पविराम बदलला तरी ती ओळ पूर्णपणे वेगळी येते. थैलीवर लाखेची मोहोर लावावी आणि ती अखंड आहे यावरून आतला ऐवज तसाच आहे हे जाणावे, तसाच हा प्रकार. वर्षाचा पत्रव्यवहार एका फायलीत उतरवून घेताना त्याच दिवशी तिची हॅश काढून कागदावर लिहून, तारीख घालून ठेवली, तर पुढे दहा वर्षांनी ‘हे पत्र तुम्ही नंतर बदलले’ या आरोपाला उत्तर देणे सोपे जाते.

पत्रे जपली, पण सापडली नाहीत किंवा वाचता आली नाहीत, तर? पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गाठोडे. त्यातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या कापडांत काय दडले होते हे जगाला कळले. कागद होतेच, ते निवडून, तारखा लावून, वाचून देणारा हवा होता. शिवाय ते मोडीत होते, आणि मोडी वाचणारे दर पिढीला कमी होत गेले. व्यापारी घरांतील महाजनी वह्यांची अवस्था तर आणखी बिकट. काना-मात्रा गाळून लिहिलेली ती अक्षरे. ‘काकाजी अजमेर गए’ हे पत्र ‘काकाजी आज मर गए’ असे वाचले गेले आणि घरात रडारड झाली, ही गोष्ट मारवाडी घरांतून अजून हसत हसत सांगितली जाते. माळ्यावरच्या अशा वह्या आज वाचणार कोण?

संगणकालाही त्याची मोडी आहे. दुकानातील जुन्या संगणकावर ‘आउटलुक’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये पत्रे येत असत, आणि ती सारी त्या संगणकातल्या एकाच फायलीत साठत. २००३ पूर्वीच्या आवृत्त्यांत त्या फायलीची मर्यादा २ जीबी होती. फाईल मर्यादेला टेकली की बिघडे. सारी पत्रे एकाच गाठोड्यात असल्याने सारीच धोक्यात येत. दुसरा सापळा त्याहून गुप्त होता. पत्रे उतरवून घेण्याची पॉप नावाची जी जुनी पद्धत, तिचा मूळ स्वभाव पत्र संगणकावर आणले की सर्व्हरवरून काढून टाकण्याचा. म्हणजे पत्राची एकच प्रत, तीही दुकानातल्या एका यंत्रात. यंत्र भंगारात गेले की पत्रेही भंगारात. नंतरच्या आयमॅप पद्धतीत पत्रे सर्व्हरवरच राहतात आणि मोबाइल, संगणक, लॅपटॉप सगळ्यांना तीच दिसतात. ही सोय उत्तम; पण ती जतन नव्हे. मोबाइलवर कोणी रागाने वा चुकून एक पत्र पुसले, तर ते सगळीकडूनच पुसले जाते. आरशात चार ठिकाणी दिसणारी वस्तू चार नसतात.

येथे दोन शब्दांतील फरक ध्यानात घ्यावा, कारण विक्रेते ते एकाच दमात उच्चारतात. बॅकअप म्हणजे आज जसे आहे त्याची प्रत. आग लागली, यंत्र बिघडले, व्हायरस आला, तर काम पुन्हा उभे करण्यासाठी. काही दिवसांनी जुन्या प्रतीवर नवी प्रत चढते. आर्काइव्ह म्हणजे दप्तर. आलेल्या आणि गेलेल्या प्रत्येक पत्राची प्रत, कोणी पुसली तरी न पुसली जाणारी, तारखेने, नावाने, शब्दाने शोधता येणारी. मोठ्या कंपन्यांच्या व्यवस्थेत प्रत्येक पत्र वापरणाऱ्याच्या हाती पडण्याच्या वेळीच त्याची एक प्रत दप्तराच्या पेटीत जाते. त्या पेटीची किल्ली पत्र लिहिणाऱ्यांपैकी कोणाकडेच नसते. पाच-सात माणसांच्या पेढीला एवढ्या थाटाची गरज नाही, परंतु तत्त्व तेच ठेवता येते.

त्याची सुरुवात पत्त्यापासून होते. पेढीच्या नावाचे स्वतःचे डोमेन वर्षाला हजार-पंधराशे रुपयांच्या आसपास मिळते. ते कोणाच्या नावावर नोंदले आहे, हे अवश्य तपासावे. अनेकदा ते संकेतस्थळ करून देणाऱ्या माणसाच्या नावावर असते, आणि तो माणूस धंदा बदलून दुसऱ्या शहरी गेलेला असतो. दुकानाची जागा दुसऱ्याच्या नावावर ठेवून कोणी व्यापार करीत नाही. येथे मात्र सर्रास चालते. मग त्या डोमेनवर खरेदी, विक्री, हिशेब अशा कामाच्या नावांचे पत्ते उघडावेत. माणसे येतील-जातील, विक्रीचा पत्ता विक्रीचाच राहील. ग्राहकाला ‘भाऊ आता नाहीत, नव्या पत्त्यावर लिहा’ असे कळविण्याची वेळ येत नाही. नोकरी सोडणाऱ्या माणसाचे खाते त्याच दिवशी बंद करावे, पण काढून टाकू नये. काढून टाकलेले खाते परत मिळविण्याची मुदत गूगलच्या व्यावसायिक सेवेत २० दिवसांची व मायक्रोसॉफ्टच्या सेवेत ३० दिवसांची आहे. पैसे वाचविण्यासाठी महिनाअखेरीस खाते काढून टाकले आणि त्या माणसाने ठरवलेल्या सौद्यांचा पुरावाही त्याच्याबरोबर गेला, असा हा हिशेब महागात पडतो. आधी पत्रे उतरवून घ्यावीत, मग खात्याचे काय करावयाचे ते करावे.

व्हॉट्सॲपविषयीही दोन शब्द. बाजाराचा अर्धा व्यवहार आज तेथे होतो, आणि तो थांबविणे कोणाच्या हाती नाही. व्यवहारी माणसे एवढेच करतात की सौदा तेथे ठरला, तरी संध्याकाळी एक ओळ ईमेलने जाते: आज अमुक मालाचे अमुक भावाने ठरले, मुदत अमुक दिवस. दोन मिनिटांचे काम. तारेत पत्र ओवल्यासारखे.

मग प्रश्न येतो, किती काळ ठेवावे? ‘सगळे, कायमचे’ हे उत्तर सोपे आहे आणि चूक आहे. कंपनी कायदा, २०१३ याच्या कलम १२८ प्रमाणे कंपनीने हिशेबाची पुस्तके व त्यांना आधार देणारी प्रमाणके आठ आर्थिक वर्षांची राखावयाची असतात. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब व नोंदी त्या वर्षाचे वार्षिक विवरण भरण्याच्या देय तारखेपासून ७२ महिने राखाव्या लागतात. अपील वा चौकशी चालू असेल तर त्याहून अधिक. विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा लावण्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची. आता बिल, खरेदीचा आदेश, मालाची पोच जर केवळ ईमेलनेच आली असेल, तर ते ईमेलही या नोंदींचाच भाग समजून ठेवणे शहाणपणाचे. म्हणून व्यवहाराची पत्रे निदान आठ वर्षे ठेवावीत, जागेची, कर्जाची, भागीदारीची त्याहून कितीतरी अधिक. आणि जाहिराती, बँकेचे सणासुदीचे संदेश, विमानकंपन्यांची आमंत्रणे? ती आजच जाऊ द्यावीत. ज्या माळ्यावर सगळेच ठेवले जाते, तेथे काहीच सापडत नाही. ग्राहकांचे आधार क्रमांक, पॅनच्या प्रती, घरचे पत्ते असलेली पत्रे गरज संपल्यावरही पडून ठेवणे हे तर जोखमीचे आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा त्याच दिशेने बोट दाखवतो.

पुसण्याचाही नेम असावा लागतो, आणि तो वादाच्या आधी ठरलेला असावा लागतो. एन्रॉन हे नाव कोकणात गुहागर तालुक्यातील दाभोळ वीज प्रकल्पामुळे घरोघर पोहोचले होते. ही अमेरिकन कंपनी डिसेंबर २००१ मध्ये बुडाली. तिच्या हिशेबतपासनीस संस्थेतील, आर्थर अँडरसनमधील, एका वकिलाने त्याच ऑक्टोबरमध्ये सहकाऱ्यांना एक ईमेल लिहिले होते: कागद राखण्या-काढण्याविषयीचे आपले धोरण पाळले जात आहे ना, हे पाहावे. वरवर पाहता त्यात वावगे काहीच नव्हते. पण चौकशी दाराशी आली असताना त्या धोरणाची आठवण झाली, त्यानंतर कागदांच्या चिंध्या झाल्या, ईमेल पुसली गेली, आणि ते साधे पत्रही खटल्यातला एक पुरावा बनले. २००२ मध्ये संस्था दोषी ठरली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ज्यूरीला दिलेल्या सूचना सदोष होत्या म्हणून ती शिक्षा रद्द केली खरी, परंतु तोवर हजारो माणसांची ती जुनी, प्रतिष्ठित संस्था जवळजवळ नामशेष झाली होती. नेमाने पुसणे हा दोष नव्हता. वाद उभा राहिल्याचे कळताच पुसणे थांबवावयाचे असते, ते थांबले नाही.

एन्रॉनच्या कहाणीचा उत्तरार्ध कमी लोकांना ठाऊक आहे. चौकशी करणाऱ्या वीज नियामक आयोगाने २००३ मध्ये त्या कंपनीची ईमेल जगापुढे खुली केली. सुमारे दीडशे कर्मचाऱ्यांची सुमारे पाच लाख पत्रे आजही संशोधक अभ्यासतात. त्यांत सौद्यांबरोबर घरगुती गोष्टीही होत्या; बायकोला लिहिलेली पत्रे, सहकाऱ्यांच्या चेष्टा, दुपारच्या जेवणाचे बेत, काहींचे तर खाजगी ओळख क्रमांकसुद्धा. त्या क्रमांकांसारखा मजकूर पुढे काढावा लागला. ज्यांचा घोटाळ्याशी संबंध नव्हता, अशांचीही पत्रे त्यात गेली. पेढीच्या पत्त्यावर घरच्या गोष्टी लिहू नयेत, मुलीच्या स्थळाची पत्रे आणि वडिलांच्या तपासण्यांचे अहवाल तेथे मागवू नयेत, हे सांगण्यासाठी याहून मोठे उदाहरण नको. एकत्र कुटुंबाच्या धंद्यात हे पथ्य पाळणे कठीण जाते, हेही खरे.

दप्तर नसल्याचा दंडही होतो. अमेरिकेत दलालांनी ग्राहकांशी झालेला पत्रव्यवहार तीन वर्षे राखावा व त्यातील पहिली दोन वर्षे सहज हाती लागेल असा ठेवावा, असा नियम आहे. चौकशीत ईमेल मागितली असता ती हजर करता आली नाहीत, म्हणून डिसेंबर २००२ मध्ये पाच बड्या संस्थांना मिळून ८२.५ लाख डॉलर भरावे लागले.

आपल्या बाजारपेठेत धोका निराळ्या वाटेने येतो. चोर एखाद्या पेढीच्या वा तिच्या ग्राहकाच्या ईमेलमध्ये शिरतो आणि काही करीत नाही. तो वाचत राहतो. कोण कोणाला काय शब्दांत लिहितो, बिल कधी निघते, रक्कम किती असते, हे त्याला आठवडाभरात पाठ होते. मग नेमक्या दिवशी, नेमक्या भाषेत पत्र येते: आमचे बँकखाते बदलले आहे, या वेळची रक्कम सोबतच्या खात्यात भरावी. पत्त्यात एखादेच अक्षर इकडचे तिकडे झालेले असते. कधी पत्ता खराही असतो, कारण खात्याची किल्लीच चोराकडे असते. पैसे जातात, आणि दोन जुन्या स्नेही पेढ्या एकमेकींवर संशय घेऊ लागतात. पिढ्यान्‌पिढ्यांचे संबंध अशा एका पत्राने तुटू शकतात. बँकखाते बदलल्याचे पत्र आले की त्या पत्रातील क्रमांकावर नव्हे, आपल्या जुन्या नोंदीतील क्रमांकावर फोन करून खात्री करावी, हा नियम गल्ल्यावरच्या मुलापासून मालकापर्यंत सर्वांना सारखाच लागू असावा. पैसे गेलेच तर तासाभराच्या आत बँकेला व १९३० या क्रमांकावर कळवावे. आणि ते पत्र पुसू नये, पुढेही धाडू नये. जसे आले तसे राखावे, कारण चोर कोणत्या वाटेने आला हे त्याच्या माथ्यावरच्या न दिसणाऱ्या ओळींतच लिहिलेले असते.

स्वतःचे डोमेन असल्याचा येथे आणखी एक उपयोग होतो. आपल्या नावाने पत्रे धाडण्याचा अधिकार कोणकोणत्या सर्व्हरना आहे, याची यादी एसपीएफ नावाच्या नोंदीत लावता येते. डीकेआयएम प्रत्येक पत्रावर न बदलता येणारी मोहोर उमटवते. आणि ही तपासणी नापास झालेल्या पत्राचे काय करावे, हे डीमार्क समोरच्याच्या सर्व्हरला सांगते. घाऊक पत्रे पाठवणाऱ्यांना गूगल व याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून हे बंधनकारकच केले. या तीन नोंदी जाणकाराला अर्ध्या दिवसात लावता येतात, तरी असंख्य पेढ्यांच्या डोमेनवर त्या नसतात. कुलूप आणून ठेवले आहे, पण लावले नाही, असा प्रकार.

पाटण आणि जैसलमेरच्या ज्ञानभांडारांतील ताडपत्रे शतकानुशतके टिकली, ती नुसती पेटीत ठेवली म्हणून नव्हे. ज्ञानपंचमीला ग्रंथ बाहेर काढावेत, वाळवी-कसर पाहावी, झाडून, नव्या वेष्टनात बांधून ठेवावेत, अशी रीत होती. पेढीच्या दप्तरालाही वर्षातून एक दिवस लागतो, आणि दिवाळीच्या आसपासचा, बाजार शांत असतानाचा दिवस त्यासाठी सोयीचा आहे. सरत्या वर्षाची सर्व खात्यांतील पत्रे उतरवून दोन निरनिराळ्या हार्ड डिस्कवर घ्यावीत. एक दुकानात, एक घरच्या तिजोरीत. हॅश काढून वहीच्या पहिल्या पानावर लिहावी. पासवर्ड बंद पाकिटात घालून ते पाकीट जेथे विम्याची कागदपत्रे असतात तेथे ठेवावे आणि ते कोठे आहे हे घरातील निदान दोघांना, त्यात पत्नीला किंवा सुनेलाही, दाखवून द्यावे. मग धाकट्या पुतण्याला बसवून सांगावे: पाच वर्षांपूर्वीच्या श्रावणात अमक्या व्यापाऱ्याने माल परत केल्याचे पत्र आले होते, ते काढून दाखव. त्याने ते मोबाइलवर नव्हे, त्या हार्ड डिस्कवरून काढावयाचे. दहा मिनिटांत निघाले तर ठीक. न निघाले, तर काय राहिले आहे ते त्याच दिवशी कळते, आणि ते पत्र मागणारा वकील अजून दारात उभा नसतो.